काळी एक ते काळी तीन

रोह्याच्या मंडळींनी माझ्या खांद्यावर घातलेली शाल अस्सल लोकरीची नव्हती, पण टोचत मात्र अस्सल होती. ती का टोचत होती हे सांगायचं तर पेटीपासून सुरुवात करायला हवी, आणि पेटीच्या आधी चक्री भजन म्हणजे काय ते सांगायला हवं. कारण पनवेलच्या पलीकडे परदेशात राहणाऱ्यांना ते ठाऊक असेलच असं नाही.

चक्री भजनात एकाने गाणं सोडायचं आणि दुसऱ्याने ते जमिनीवर पडायच्या आत झेलायचं. मध्ये थांबायचं नाही. पखवाज थांबत नाही, टाळ थांबत नाहीत, पेटी तर नाहीच नाही. थांबलं की चक्री तुटली. आमच्याकडे लोक बुडालेलं दुकान विसरतात, मुलीने पळून जाऊन केलेलं लग्न विसरतात, पण कुठल्या मंडळाची चक्री कुणाच्या सप्ताहात तुटली हे नातवंडांना नावानिशी सांगून जातात.

आता अडचण अशी की देवाने प्रत्येकाला वेगळा गळा दिला आहे. आमच्या सोसायटीच्या मंडळात जितेश काळी एकमध्ये गातो. त्याच्यानंतर काशीबाई. त्यांचा गळा काळी तीनचा. (ज्यांचा पेटीशी संबंध नाही त्यांनी एवढंच समजावं, की काळी एक हा तळमजला आहे, काळी तीन हा दुसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही.) चांगला पेटीवाला या दोन मजल्यांमधून गाणाऱ्याला असा नेतो, की जिना कधी चढलो ते गाणाऱ्यालाही कळत नाही. मी चांगला पेटीवाला नाही. मी पेणच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो.

माझी बोटं फक्त काळी एकमध्ये चालतात. लहानपणी ज्या गुरुजींकडे शिकलो त्यांचा स्वतःचा गळा काळी एकचा होता. त्यांना स्वतःशिवाय कुणाचं गाणं आवडत नसे, त्यामुळे इतर पट्ट्यांची, म्हणजे वरच्या-खालच्या मजल्यांची, गरज पडली नाही. पुढे पोटापाण्याचं सुरू झालं आणि राहून गेलं. हे मी कुणालाही कळू दिलेलं नव्हतं. कुणी म्हणालंच, "सर, जरा वर घ्या की," तर मी डोळे मिटून मान हलवायचो आणि म्हणायचो, "परंपरेत बसत नाही." प्राध्यापकाने डोळे मिटून परंपरा म्हटलं की पेणमध्ये तरी अजून कुणी वाद घालत नाही.

म्हणून काशीबाई इतकी वर्षं तळमजल्यावर गात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, मुलाकडे तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या, अंगणात पोह्याचे पापड वाळत घालताना एकट्याच गाणाऱ्या बाई. अंगणात त्या काय सुंदर गायच्या! आणि हॉलमध्ये माझ्या पेटीसोबत बसल्या की आवाज असा खाली बसायचा, जणू कुणी उशीखाली दाबून ठेवलाय.

त्यातच रोह्याहून आमंत्रण आलं. तिथल्या देवळाच्या सप्ताहात आमच्या मंडळाला दुपारचा पहारा, म्हणजे भजनाची पाळी, मिळाला. दुपारचा पहारा म्हणजे श्रोते जेवून आलेले आणि निम्मे खांबाला टेकून घोरणारे. पण आमंत्रण ते आमंत्रण. जितेशने, जो सोसायटीचा सेक्रेटरीही आहे, ते नोटीस बोर्डावर पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाशेजारी लावलं. त्या संध्याकाळी काशीबाई माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"मास्तर, ते माझं माहेर हाय," त्या म्हणाल्या.

"हो की! छानच झालं."

"पुंडलिकदादा सप्ताहाच्या कमिटीत हाय. समोरच बसंल. जितेशनं मोबाइलवर माझी गवळण धाडलेली, ती ऐकलंन त्यानं. म्हणला, काशे, तुझा आवाज गेला गो." थोडं थांबून म्हणाल्या, "आवाज गेला नाय माझा. एक डाव त्याला ऐकवायचाय. माझ्या गळ्यात. जमंल?"

एवढंच मागणं होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "काशीबाई, मला काळी तीन येत नाही, नागोठण्याहून चांगला पेटीवाला बोलावू." त्यात माझं काय गेलं असतं? फक्त अब्रू. मी म्हणालो, "जमेल म्हणजे काय! असा पट्टीबदल करून देतो की दादांना कळणारही नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मोबाइलवर मला स्केल चेंजर सापडली.

ही एक जादूची पेटी असते. कडेची मूठ धरून बोटांखालच्या सगळ्या पट्ट्यांची रांग जराशी उचलायची, पाच खाचा बाजूला सरकवायची आणि बसवायची. बोटं आपली काळी एकमध्येच नाचतात, आवाज काळी तीनचा येतो. म्हणजे माणसाने न सुधारता सुधारल्यासारखं दिसण्याची सोय. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते मी परीक्षेच्या भीतीने लिहीत नाही.

पेटी मंडळाच्या नावाने घ्यायची ठरली, म्हणून विषय सोसायटीच्या कमिटीपुढे गेला. कमिटीत पहिला प्रश्न आला, हे वाद्य की फर्निचर? कारण फर्निचर असेल तर डेडस्टॉक रजिस्टरला चढवावं लागेल आणि वर्षातून एकदा मोजावं लागेल. वाद्य असेल तर हॉलमध्ये वाजवायला चारही बाजूंच्या ब्लॉकची ना-हरकत लागेल. "सरकणारं आहे," मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "मग वाहन धरा." अखेर 'सरकते फर्निचर (सुरेल)' अशी नोंद झाली आणि सर्वानुमते ठराव मंजूर झाला.

पेटी आली. पहिले चार दिवस लोण्यासारखी सरकली. मी माझी योजना आखली. तिचं नाव मी मनातल्या मनात 'मध्यमाचा पूल' ठेवलं होतं. काळी एकचा मध्यम, म्हणजे 'म', हाच काळी तीनचा षड्ज, म्हणजे 'सा'. म्हणजे जितेशचं गाणं संपताना मी मध्यमावर रेंगाळायचं, टाळांनी एक आवर्तन भरून काढायचं, तेवढ्यात रांग सरकवायची आणि तोच सूर षड्ज म्हणून परत लावायचा. कान म्हणतो, काही झालं नाही. गळा म्हणतो, सगळं झालं. मध्यमवर्गातल्या माणसाने मध्यमावरून पलीकडे जावं यात मला एक सामाजिक अर्थही दिसत होता. तो मी प्रणिताला सांगितला. ती माझी बायको असल्यामुळे तिने कुकरची शिट्टी होईपर्यंत ऐकून घेतला.

पाचव्या दिवशी पेटी अडायला लागली. पेणची हवा! खाडीवरून मिठागरांचा दमटपणा घेऊन ती येते आणि लाकूड, पापड, माणूस सगळ्यांना सारखंच सादळवते.

"सर, सरकणाऱ्या वस्तूला ग्रीस पाहिजे," आमचे शेजारी हैबतराव म्हणाले. ते नागोठण्याच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेत, मंडळात टाळ वाजवतात आणि जगातल्या कुठल्याही दुःखावर त्यांच्याकडे ग्रीस असतं. "आमच्या शिफ्टला पंप अडला की मी काय करायचो? ग्रीस! मुलगी नांदत नव्हती साहेबाची..."

"हैबतराव, तिलाही?"

"नाय हो, तिच्या सासरच्या फाटकाला. फाटक उघडलं, पोरगी गेली आत."

नाही कसं म्हणायचं? लावलं. दोन दिवसांनी जितेश आला. वास घेऊन म्हणाला, "ग्रीस? लाकडाला? अहो सर, मेण घासतात." खिशात मेणबत्ती घेऊनच आला होता. घासली. मग प्रणिता म्हणाली, "हे सगळं चिकट झालंय, कॅरमची पावडर टाका. आमच्या माहेरी सोंगटी भिंतीतून पलीकडे जायची." बायकोच्या माहेरची गोष्ट नाकारण्याइतका मी तरुण राहिलेलो नाही. पावडर टाकली. ग्रीस, मेण आणि बोरिक पावडर यांपासून काय तयार होतं हे रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारायला हवं होतं. पण त्याच्याशी माझं परीक्षेच्या सुपरव्हिजनवरून बोलणं बंद आहे.

निघायच्या सकाळी मात्र रांग सुळकन सरकली. एकदा. मी पुन्हा करून पाहिलं नाही. आपलं नशीब दुसऱ्यांदा तपासायचं नाही हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो. देवळात मांडव, पंखे, मागच्या भिंतीला टेकलेली घोरती मंडळी, आणि अगदी समोर पांढरी टोपी घातलेले, ताठ बसलेले पुंडलिकराव. बहिणीकडे पाहून त्यांनी ओळखीची मानसुद्धा हलवली नाही. कमिटीचा माणूस पहाऱ्यात पक्षपात करत नाही. काशीबाईंनी पदर खोचला, खाकरून घसा साफ केला आणि माझ्याकडे पाहिलं. नव्या साडीची घडी अजून मोडलेली नव्हती.

चक्री उत्तम चालली होती. जितेश रंगात आला होता. त्याचं शेवटचं चरण आलं, मी मध्यमावर रेंगाळलो. हैबतरावांना डोळ्याने खूण केली. टाळ वाढले. मी मूठ धरली, रांग उचलली, सरकवली. पहिली खाच, दुसरी, तिसरी, चौथी.

आणि अडली.

चौथ्या आणि पाचव्या खाचेच्या बरोबर मधोमध. ढकलली, जाईना. ओढली, येईना. सकाळपर्यंत मऊ असलेलं ते त्रिवेणी मिश्रण मांडवातल्या पंख्याखाली गारठून पुट्टीसारखं धरलं होतं. मी खांद्याने रेटलं, तशी अख्खी रांग खाली बसली आणि प्रत्येक पट्टीखाली एकाऐवजी दोन शेजारचे सूर सापडले. शिवाय निम्म्या पट्ट्या दाबलेल्या त्या दाबलेल्याच राहिल्या.

जो आवाज निघाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघतो तेव्हा तो जवळपास तसा येतो.

मी भाता थांबवायला हवा होता. भाता थांबवला असता तर पेटी गप्प बसली असती, टाळ-पखवाजावर काशीबाई गायल्या असत्या आणि सगळं निभावलं असतं. पण माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, चक्री तुटता कामा नये, पेटी थांबता कामा नये. मी भाता जोरात मारू लागलो. जितका घाबरलो तितका जोरात.

काशीबाईंनी गवळण उचलली होती. बरोबर काळी तीनमध्ये, कुणाच्याही मदतीशिवाय. पहिले दोन शब्द मला ऐकू आले. पुढचे कुणालाच आले नाहीत.

कारण भिंतीला टेकलेली घोरती मंडळी एकदम जागी झाली होती. त्यांना वाटलं, गजर आला. हैबतरावांनाही तसंच वाटलं, त्यांनी टाळ दुप्पट केले. पखवाजवाला पेटला. कुणीतरी "बोला!" म्हणून आरोळी ठोकली आणि सगळा मांडव उभा राहून नाचायला लागला. भाकऱ्या थापणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी फुगड्या घालू लागल्या. त्या गर्दीच्या मधोमध काशीबाई गात होत्या. ओठ हलताना दिसत होते. एखाद्या टीव्हीचा आवाज बंद करावा तसं. त्यांनी गवळण मध्ये सोडली नाही, पुरती गायल्या, आणि मग टाळ उचलून आमच्यासोबत वाजवायला लागल्या.

पहारा संपला. मला वाटलं आता मारतील. पुंडलिकराव उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "दुपारच्या पहाऱ्याला मांडव उभा राहिलेला मी तरी कधी बघितला नाय. पेणच्या मास्तरांनी पेटीतून जो काय नाद काढला, तो अंगावर काटा आणणारा." हे शेवटचं खरं होतं. शाल आली, नारळ आला. माइक माझ्या तोंडापुढे आला. मी म्हणालो, "हे सगळं मंडळाचं श्रेय आहे." टाळ्या झाल्या. नम्रतेच्या बुरख्याखाली इतकं मोठं खोटं मी कॉलेजच्या पाहणी समितीसमोरही बोललेलो नाही.

खाली उतरल्यावर पुंडलिकराव बहिणीजवळ गेले. मी शाल सावरत जवळच उभा होतो.

"काशे, बरी हायस ना?"

"बरी हाय, दादा."

"गायलीस व्हय? काय ऐकू नाय आलं गो. जाऊ दे. वय झालं, आवाज काय जलमभर राहतो काय."

"नाय राहत," काशीबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत सगळे खुशीत होते. हैबतराव सांगत होते, की पुढल्या वर्षी याच नादासाठी आपल्याला संध्याकाळचा पहारा मिळणार, फक्त ग्रीस तेच ठेवायचं. भिसे खिंडीची वळणं संपली तरी काशीबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. मी त्यांच्या पुढच्या सीटवर, मांडीवर पेटी, गळ्यात शाल. उकडत होतं. पण शाल काढून ठेवली तर कुणी कारण विचारेल अशी भीती वाटत होती.

अखेर मागे वळलो. "काशीबाई, चुकलं माझं. पेटीने दगा दिला."

"नवी पेटी कशापायी आणलीत मास्तर?"

"म्हणजे काय? तुम्हाला काळी तीन मिळावी म्हणून."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "जुन्या पेटीला काळी तीन नव्हती व्हय?"

हैबतरावांना खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. जितेश बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

"तुमची बोटं तिथं जात नाय, मला ठाव हाय," काशीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "समद्यांस्नी ठाव हाय. म्हणून तर मी खाली येऊन गायची. मास्तर शिकलेला माणूस, चारचौघांत खाली बघायला लागू नये. मला वाटलं, एवढ्या सालांत तुम्ही शिकलात. म्हणून दारात आले."

मी इतकी वर्षं डोळे मिटून जी परंपरा सांभाळत होतो, ती म्हणजे ही बाई होती. तळमजल्यावर येऊन उभी राहिलेली. माझ्यासाठी. आणि सगळं मंडळ ते बघत होतं आणि दर गुरुवारच्या भजनात मला म्हणत होतं, "वा सर."

मी पुढे तोंड करून बसलो. नागोठणं गेलं. गाडी हायवेला लागली आणि ड्रायव्हर एका खड्ड्याला चुकवून दुसऱ्यात गेला, जो अधिक खोल होता. सगळे छताला भिडून खाली आले. माझ्या मांडीवर पेटीतून 'खट्' असा एक स्वच्छ आवाज झाला.

मी हळूच पट्टीवर बोट ठेवलं. एकच सूर निघाला. रांग पाचव्या खाचेत बसली होती. तीन माणसांच्या सल्ल्याला आणि माझ्या सगळ्या योजनेला जे जमलं नाही ते खड्ड्याने एका झटक्यात, काहीही थांबू न देता केलं होतं.

गडबजवळ ट्रॅफिक तुंबलं. पुढे ट्रक, मागे ट्रक, रस्त्याकडेच्या टपरीवर भजी तळली जात होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी मागे न बघता षड्ज लावून धरला. मग मागून गवळण सुरू झाली.

अंगणातला आवाज! पापडांपुढचा. जितेश वळला, हैबतरावांनी टाळ काढायला हात घातला आणि परत घेतला. टपरीवाला झारा तेलात तसाच धरून उभा राहिला. शेजारच्या ट्रकच्या क्लिनरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ते गाणं ऐकायला सगळं गडब होतं, फक्त रोह्याचा एक माणूस नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दोन्ही हात पेटीवर, म्हणून जितेशने बटण दाबून स्पीकर लावला.

"हॅलो मास्तर? पुंडलिक बोलतोय. तुमची टाळांची एक पिशवी इथंच ऱ्हायली बघा... हॅलो? जरा तो रेडिओ बारीक करा की, ऐकू नाय येत."

माझा भाता चालूच होता. काशीबाई गातच होत्या. चक्रीत थांबायचं नसतं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"थांबा, थांबा," फोन म्हणाला. "नका बारीक करू. ही गवळण... ही आमच्या आईची हाय." मग फोन तोंडाशी धरल्यासारखा आवाज मोठा झाला. "कोण बाई गाते हो? आमच्या काशीला ऐकवा जरा. म्हणावं, गाणं असं असतं. हाय का ती जवळ?"

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. काशीबाईंनी डोळे उघडले, पण गाणं सोडलं नाही. उत्तर देणं माझ्याच वाट्याला आलं होतं.

"पुंडलिकराव," मी म्हणालो, "गाडीला रेडिओ नाही. काशीबाईच गातायत. मघाशी मांडवातही हेच गायल्या होत्या. तो नाद म्हणजे माझी पेटी बिघडली होती, आणि मी ती बंद केली नाही."

गवळणीचं एक पूर्ण कडवं झालं. मला वाटलं, फोन कट झाला.

मग आवाज आला.

"मास्तर."

"बोला."

"मग ती शाल तुमच्या अंगावर काय करते?"